उजेड परत न देणारा ग्रह

१६ फेब्रुवारी, रविवार

मेडिकलवाल्याने फुकट दिलेली ही डायरी दीड महिना तांदळाच्या डब्यावर पडून होती. आज मी ढापली. पहिल्या पानावर ब्लड ग्रुप लिहायचा असतो, तो मला माहीत नाही. वाहन क्रमांक लिहायचा असतो, वाहन नाही. ते पान तसंच सोडलं.

गोव्याहून येऊन महिना होऊन गेला. आईने फोन केला होता, "ये जरा, काम आहे." काय काम ते अजून सांगितलेलं नाही. विचारलं की म्हणते, "आधी नीट जेव." लग्नाबिग्नाचं काढणार असेल तर मी सरळ पळणार.

अण्णांनी नवीन छळ सुरू केलाय. रोज संध्याकाळी मला मोठ्याने वाचायला बसवतात. पेपर, मासिकं, मोबाइलवर येणारं काहीबाही. मी चोवीस वर्षांचा घोडा! महापालिकेच्या शाळेत आयुष्यभर विज्ञान शिकवलेल्या माणसाचा मुलगा कॉलेज अर्ध्यात सोडून बीचवर प्लेटा उचलतो, हे त्यांना आत कुठेतरी लागलंय, त्याची ही वसुली. मी म्हटलं, "मनात वाचतो ना, अण्णा." तर म्हणे, "मनातलं मला ऐकू येत नाही."

आजचं मात्र भारी होतं. एक ग्रह आहे, आपल्या सूर्याचा नाही, दुसऱ्याच कुठल्या ताऱ्याचा. गुरूपेक्षा थोडा मोठा, सगळा वायूचा. आणि काळा. कोळशापेक्षा काळा. आपल्या ताऱ्याच्या इतका जवळ आहे की अडीच दिवसांत एक फेरी मारतो, म्हणजे उजेड अंगावर नुसता ओतला जातोय, पण शंभरातला एक हिस्सासुद्धा परत फेकत नाही. मी वाचलं, "सगळा प्रकाश गिळून टाकतो." अण्णांनी हात वर केला.

"गिळतो असं लिहिलंय?"

"नाही, ते मी घातलं."

"घालू नको. गिळतो म्हटलं की राक्षस झाला. परत देत नाही, एवढंच म्हण."

मग तेच दोनदा वाचून घेतलं. नाव काय विचारलं. नाव नाहीच, इंग्रजी अक्षरं आणि एक आकडा. "कैद्यासारखं," अण्णा म्हणाले. आणि थोड्या वेळाने, "यंदा जयंतीला हाच विषय."

आमच्या वरळीच्या चाळीत बाबासाहेबांच्या जयंतीला व्याख्यानमाला असते. अकरा एप्रिलला फुल्यांच्या जयंतीपासून चौदापर्यंत. त्यातली एक संध्याकाळ अण्णांची, विज्ञानाची. मी पहिलीत असल्यापासून आहे. मी म्हटलं, इतके चमचमणारे ग्रह सोडून हा काळाच का? तर म्हणाले, "चमचमणाऱ्यांवर बोलायला माणसं खूप आहेत."

१९ फेब्रुवारी, बुधवार

दीपक वर आला होता. हा दीपक माझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठा, खाली मोबाइल रिपेअरिंगचं दुकान, यंदा जयंती मंडळाचा अध्यक्ष. दारातूनच म्हणतो, "जय भीम गुरुजी, मी दीपक, तळमजल्यावरचा." अरे, आयुष्य गेलं एका जिन्यावर, आणि हा ओळख करून देतोय! पद मिळालं की माणूस असा होतो.

इकडचं तिकडचं झाल्यावर मुद्द्यावर आला. "गुरुजी, यंदा झेपेल ना तुम्हाला? नाहीतर थोडा आराम करा, पुढच्या वर्षी आहेच."

मी समजलो. ह्याला तो रीलवाला मोटिवेशनवाला आणायचाय.

अण्णा ताठ झाले. "न झेपायला काय झालं? उलट यंदा पडद्यावर चित्रं दाखवणार आहे. राजरत्न तयार करतोय."

मी? मी चहा पीत होतो, ठसकाच लागला. दीपकने माझ्याकडे बघितलं, मग आईकडे, मग म्हणाला, "बरं. प्रोजेक्टर मी बघतो."

जिन्यात मी त्याला गाठलं. म्हटलं, "काय रे, अण्णांना डच्चू द्यायला निघाला होतास?" तर खांद्यावर हात ठेवून म्हणतो, "राज्या, तू घरी आहेस ते बरंय." ह्या पोरांना आता सरळ बोलताच येत नाही.

२ मार्च, रविवार

आईने मिरच्या देऊन लालबागला पाठवलं. मसाला कुटायच्या डंकावर रांग. पुढे कुशाबा म्हणून एक म्हातारे होते, मालवणचे, आमच्या समोरच्या मिलमध्ये होते म्हणे. त्यांच्या मसाल्याला तेवीस जिन्नस लागतात. मी एकेक विचारत बसलो, त्यात दगडफूल निघालं. दगडफूल म्हणजे शेवाळ आणि बुरशी एकत्र राहतात, हे मी मोबाइलवर शोधून त्यांनाच सांगितलं. ते म्हणाले, "रवांदेत, खातंव म्हणान काय झाला." म्हणजे, राहू देत की, आपण खातो म्हणून काय झालं. मग तिथून परळपर्यंत चालत गेलो, एका गॅरेजमध्ये जुनी बुलेट उघडून ठेवली होती ती बघत उभा राहिलो. मसाला घेऊन घरी पोचलो तोवर अंधार पडला होता.

आई शेजारी गेलेली. अण्णा एकटेच खुर्चीत, मांडीवर मासिक, आणि घरात लाइट नाही. काळोखात बसलेले. बिल वाचवायचं म्हणजे किती? मी बटण दाबलं. त्यांनी मान वळवली नाही. "आलास? वाचायचं राहिलंय," म्हणाले. आवाजात राग नव्हता, त्याचाच राग आला मला.

ग्रह इतका काळा का, ते कोणालाच नीट माहीत नाही. गुरूवर अमोनियाचे थंड पांढरे ढग आहेत म्हणून तो उजळ दिसतो. इथे हजार अंशांची भट्टी आहे, ढग टिकणार कुठून! सोडियम, पोटॅशियमची वाफ उजेड शोषत असेल असं म्हणतात. पण तेवढ्याने हिशेब पुरा होत नाही. "हे मला आवडलं," अण्णा म्हणाले. "कळलं नाही असं छापायला हिंमत लागते."

९ मार्च, रविवार

समोरच्या गंगूमावशी गॅलरीतून जाताना सारख्या स्वतःची कॉमेंट्री करतात. "गुरुजी, मी गंगू. हातात गरम पातेलं आहे, डाव्या अंगाने चाललेय." सत्तरी ओलांडली की असं होत असेल. एकटेपण असतं.

आज अण्णा स्वतःहून बोलले, हे लिहून ठेवतो, कारण ते असं बोलत नाहीत. त्यांचा जन्म छप्पनच्या दीक्षेनंतरचा, म्हणून आजोबांनी नाव बुद्धभूषण ठेवलं. आजोबा मिलमध्ये, अक्षरओळख नाही. अण्णा दुसरीत असताना पहिली पाळी सुटली की गॅलरीत दहाबारा कामगार बसायचे आणि मधोमध हे पेपर वाचायचे. मोठा शब्द अडला की कोणाला विचारणार? सगळेच ह्यांच्या तोंडाकडे बघत. "मग मी दोनदा वाचायचो. दुसऱ्यांदा बहुतेक कळायचा," म्हणाले. चहा मिळायचा. आठ वर्षांच्या पोराला मोठी माणसं 'वाचा' म्हणायची, अहोजाहो करून.

मग म्हणाले, "तू बरा वाचायला लागलायस."

काल ही डायरी टेबलावर उघडीच राहिली होती. त्यात मी त्यांना छळ म्हटलंय. त्यांनी हात लावलेला नाही. पूर्वीचे अण्णा असते तर लाल पेन घेऊन बसले असते. माणूस सुधारतो म्हणजे.

२३ मार्च, रविवार

स्पितीहून फोन! दोन वर्षांपूर्वी मनालीला ओळख झालेला एक जण काझाला होमस्टे चालवतो. म्हणाला, सीझनभर ये, जेवणखाण, राहणं, हातात बरे पैसे, आणि रात्री आकाश असं की ताऱ्यांच्या उजेडात सावली पडते. पाच एप्रिलला निघायचं. मी 'हो' म्हणून टाकलं. इथे छातीवर कोणी बसल्यासारखं वाटतं. मसाल्याचा वास, गॅलरी, रोजचं वाचन.

जेवताना सांगितलं. आईच्या हातून वाटी निसटली. अण्णांनी घास संपवला.

"पाचला. म्हणजे व्याख्यानाच्या आधी."

"चित्रं सगळी करून ठेवतो, अण्णा. दीपक बटण दाबेल."

"हं. जा. थंडीचे कपडे आहेत का?"

एवढंच. मला वाटलं होतं तासभर ऐकून घ्यावं लागेल. उलट स्वतःचा जुना स्वेटर काढायला सांगितला आईला. "तो हिरवा," म्हणाले. आईने तपकिरी काढला, आणि ते म्हणाले, "हा, हाच."

२९ मार्च, शनिवार

कसं लिहू.

आज चित्रांची तालीम होती. ह्या ग्रहाचा फोटो नाही, कधी निघणारही नाही इतका लांब आहे, म्हणून चित्रं मीच बनवली. तारा, त्याला चिकटून हा काळा गोळा, कडेला अगदी मंद लालसर. कारण तो पूर्ण काळा नाही, तापल्यामुळे जळत्या निखाऱ्यासारखा किंचित लाल असणार. मोबाइल टीव्हीला जोडला. अण्णा समोर खुर्चीत. ते बोलायचे, "पुढे" म्हणायचे, मी बोट फिरवायचो.

पाचव्या चित्रानंतर कुठे काय दाबलं गेलं कोण जाणे, ग्रहाच्या जागी माझा गोव्याचा फोटो आला. छप्पन इंची टीव्हीवर मी, उघडा, चड्डीवर, एका हातात बियरची बाटली, दुसरा हात एका रशियन बाईच्या खांद्यावर. आमच्या घरात दारूचं नाव निघत नाही. मी फोटो घालवायला गेलो तर मोबाइल अडकला. मी डोळे मिटून घेतले. म्हटलं, आता ऐक.

डोळे उघडले तर अण्णा टीव्हीकडे बघत होते. सरळ, नेहमीच्या चेहऱ्याने.

"छान," म्हणाले. "काळा पुरेसा आलाय. कडेचा लाल ठेवलास ना? जास्त नको."



आई स्वयंपाकघराच्या दारात होती. तिने टीव्ही बघितला, आणि म्हणाली, "ठेवलाय की लाल. छान दिसतोय." तिचा चष्मा डोक्यावर होता, म्हणून तिलाही काही कळलं नाही. तेवढं बरं.

अण्णा म्हणाले, "पुढे."

३० मार्च, रविवार

दिसत नाही त्यांना. काळोखात बसले होते तेव्हा दिवा आहे की नाही हेच माहीत नव्हतं. वाचन ही शिक्षा नव्हती.

मी किती मठ्ठ. आणि ह्या डायरीत काय काय लिहिलंय मी.

आईला सांगायचं नाही. ती कोसळेल. बहिणीला, नमूताईलाही नाही, ती डोंबिवलीहून धावत येईल आणि गोंधळ घालेल. आता हे मलाच निभवायला हवं.

४ एप्रिल, शुक्रवार

चार दिवस बॅग दाराशी भरलेली. आज ती उघडून कपडे परत दोरीवर टाकले. आई भाकरी थापत होती. मी म्हटलं, "तिकडे अजून बर्फ आहे. रस्त्याचं काही खरं नाही. जूनमध्ये बघू."

आई म्हणाली, "बर्फ का?"

"हो."

"आणि ती बाटली कसली होती रे?"

"कुठली बाटली?"

"टीव्हीवर चड्डीत उभा होतास तेव्हाची. जवळचं बघायला चष्मा लागतो मला. टीव्ही लांब असतो."

मी ओट्याला टेकलो. ती भाकरी फिरवत राहिली.

"तुला माहीत होतं," मी म्हटलं.

"काचबिंदू आहे. दोन वर्षं झाली. बाजूचं आधी गेलं, आता समोरचंही धूर झालंय. डॉक्टर म्हणाले, आहे ते टिकवायचं, गेलं ते येत नाही."

"मला का नाही सांगितलं? फोनवर सांगितलं असतंस तर लगेच आलो असतो."

"आला असतास. त्यांनीच नको म्हटलं. म्हणाले, दया येऊन राहील आणि मग माझ्यावर चिडत राहील. त्यापेक्षा फिरू दे." भाकरी टम्म फुगली, तिने ती टोपल्यात टाकली. "मी नुसतं काम आहे म्हटलं. खोटं नव्हतं."

बाहेरच्या खोलीत अण्णा पुटपुटत होते, व्याख्यान पाठ करत होते.

"एक कर," आई म्हणाली. "तुला कळलंय हे त्यांना दाखवू नको. हे एक व्याख्यान त्यांना डोळस माणसासारखं द्यायचंय. त्यानंतर काय ते बघू. पण त्या दिवशी सगळ्यांसमोर चाचपडताना दिसले तर ते परत खाली उतरणार नाहीत, राज्या. मी ओळखते ना त्यांना. घरात बसतील ते कायमचे."

१० एप्रिल, गुरुवार

काझ्याच्या मित्राला फोन करून नाही म्हटलं. तो म्हणाला, "तू बदला नहीं." म्हटलं, नाही ना.

खाली मैदानात निळे झेंडे, मांडव, लाउडस्पीकरची टेस्टिंग. मी अण्णांना मंचाच्या पायऱ्या दाखवायच्या निमित्ताने सकाळी लवकर फिरवून आणलं. म्हटलं, "अण्णा, पडदा मागे मधोमध आहे, टेबल उजवीकडे, माइक हातातलाच घ्या." ते प्रत्येक गोष्टीला हात लावत होते आणि दरवेळी कारण देत होते. टेबल मजबूत आहे का बघतो. पायरीला खिळा आहे का बघतो. मीही प्रत्येक कारणाला "बरोबर" म्हणत होतो.

माझी भीती एकच आहे. चित्र एक असेल आणि ते बोलतील दुसरंच. म्हणून चित्रांचा क्रम मी झोपेतही म्हणून दाखवीन आता. कॉलेजचा एक धडा असा पाठ केला असता तर.

१३ एप्रिल, रविवार, सकाळ

काल झालं. काल लिहायला बसलो नाही, आज सगळं लिहितो, मधेच कुठे भरकटणार नाही.

सात वाजता वंदना झाली, पुष्पहार झाले. दीपकने ओळख करून दिली, चक्क दोन वाक्यांत. शंभरसव्वाशे माणसं होती, लाल प्लास्टिकच्या खुर्च्यांवर. आई पहिल्या रांगेत, शेजारी गंगूमावशी. मी बाजूला दीपकच्या लॅपटॉपपाशी. चित्रं नीट दिसावीत म्हणून मैदानाचे दिवे बंद केले, फक्त बाबासाहेबांच्या फोटोभोवतीची बारीक माळ चालू ठेवली. अण्णा पांढऱ्या सदऱ्यात. हात मागे बांधून उभे राहिले, वर्गात राहायचे तसे.

सुरुवात अशी केली. "आज मी तुम्हाला अशा ठिकाणी नेणार आहे जिथून निघालेला उजेड आपल्यापर्यंत यायला सातशे वर्षांहून जास्त लागतात. म्हणजे आज पोचलेला उजेड निघाला तेव्हा देवगिरीवर यादव होते आणि आपल्या माणसांना गावाच्या विहिरीवर पाणी नव्हतं." मग म्हणाले, "पुढे."

तारा आला. पुढे. गुरू आला. पुढे. पाच चित्रं घड्याळासारखी गेली. अण्णांचा हात बरोबर पडद्याकडे जात होता. मला वाटलं, जिंकलो.

सहावं चित्र त्या ग्रहाचंच. अण्णा म्हणाले, "पुढे. आणि हा तो." त्याच क्षणी प्रोजेक्टर खट करून बंद पडला.

पडदा काळा. सगळं मैदान काळं. अण्णांचा हात तिकडे धरलेलाच. मागून पोरांनी शिट्ट्या मारल्या, कोणीतरी ओरडलं, "अरे, पडदा गेला!" मी वायर ओढतोय, बटणं दाबतोय. दीपक मागून गरजला, "ए, गप्प! गुरुजी दाखवतायत ना? बघा मुकाट्याने."

आणि माणसं बघत बसली. खरंच सांगतो. काळ्या पडद्याकडे सगळी चाळ बघत बसली.

अण्णा बोलत होते. हा कोळशापेक्षा काळा. ह्याच्यावर उजेड कमी पडतो म्हणून नाही, उलट आपल्यापेक्षा कितीतरी जास्त पडतो. परत देत नाही, एवढंच. ते का, हे अजून शास्त्रज्ञांना पूर्ण माहीत नाही, आणि माहीत नाही हे त्यांनी लिहून ठेवलंय.

तेवढ्यात डाव्या हाताला पाण्याच्या टाकीपाशी उभी असलेली आठवीतली श्रेया म्हणाली, "सर, दिसतच नाही तर तो आहे कशावरून?"

अण्णा आवाजाच्या दिशेने वळले. खूश झाले होते, आवाजावरूनच कळलं. "शाब्बास. हाच प्रश्न. तो दिसला म्हणून नाही सापडला, बाळ. तो आपल्या ताऱ्यासमोरून जातो ना, तेव्हा ताऱ्याचा उजेड एवढासा कमी होतो. दर अडीच दिवसांनी, न चुकता. आता उजेड कमी झाला हे कोणाला कळेल? जो त्या ताऱ्याकडे रोज बघतो त्यालाच. एकदा बघून निघून गेलेल्याला नाही कळणार." श्रेया "कळलं सर" म्हणून आपल्या खुर्चीवर जाऊन बसली. अण्णा तसेच त्या बाजूला वळलेले, बोलत राहिले.

कोणीतरी मैदानाचे दिवे लावले.

समोर शंभरसव्वाशे माणसं, आणि अण्णा पाण्याच्या टाकीशी बोलत होते. टाकी आणि दोन उभ्या स्कूटर. त्यांची जवळजवळ पाठ होती सगळ्यांकडे. हातवारे करत, हसत, टाकीला ताऱ्याचं तापमान समजावून सांगत होते.

जाऊन खांद्याला धरून वळवायचं, तर संपलंच. आई जे म्हणाली होती तेच होणार. आणि नाही वळवायचं, तर हे असं? मी आईकडे बघितलं. ती गंगूमावशीकडे बघत होती.

गंगूमावशी उठल्या. आपली खुर्ची उचलली, पाय ओढत टाकीपाशी गेल्या, अण्णांच्या बरोबर समोर खुर्ची ठेवून बसल्या. मग आई उठली. मग पहिली रांग. मग सगळेच. कोणी कोणाला काही सांगितलं नाही. बायका पोरांना एका हाताने ओढत, दुसऱ्या हाताने खुर्ची. दीपकने चार खुर्च्या एकात एक घालून डोक्यावर घेतल्या. दोघांनी स्कूटर ढकलून बाजूला केल्या. सगळ्या मैदानात प्लास्टिकचे पाय जमिनीवर घासल्याचा आवाज.

अण्णा थांबले. चेहरा एकदम बारीक झाला. "काय झालं? उठले का सगळे?"

"नाही हो गुरुजी," गंगूमावशी म्हणाल्या. "तिकडे वारा लागत नव्हता. इकडे येऊन बसलो. तुम्ही चालू द्या."

अण्णा उभे. माइक तोंडाशीच होता, त्यांचा श्वास लाउडस्पीकरमधून सगळ्या चाळीला ऐकू येत होता.

"वारा समुद्राकडून येतो," ते हळू म्हणाले. "इकडे टाकी आहे. इकडे वारा येत नाही, गंगूबाई."

शेवटच्या दोनचार खुर्च्या टेकल्या. मग तोही आवाज संपला. मला वाटलं, आता माइक खाली ठेवतील.

त्यांनी सदऱ्याच्या बाहीने तोंड पुसलं. "बसलात का सगळे?"

"बसलो!" सगळे एकदम. पोरंसुद्धा, वर्गासारखं.

"मग पुढे," अण्णा म्हणाले, आणि अर्धा तास बोलले. चित्राशिवाय. ग्रहाच्या कडेच्या लालसर उजेडाबद्दल बोलले तेव्हा हाताने हवेत कड काढून दाखवली, आणि मी स्वतः केलेल्या चित्रात ती इतकी चांगली आली नव्हती. टाळ्या झाल्या. मंचावरून उतरताना दीपकने हात पुढे केला. अण्णांनी तो धरला, सगळ्यांसमोर.

घरी आल्यावर चहा. अण्णा खुर्चीत, मी त्यांच्या बाजूला जमिनीवर. बराच वेळ बशीत फुंकर मारत होते.

"मीरा," म्हणाले, "आता सांगून टाकू या सगळ्यांना. उगीच किती दिवस."

आई आतून म्हणाली, "सांगा. पण ज्याला माहीत नाही असा कोणी आधी शोधून काढा."

"मंडळाला?"

"दीपक गेल्या वर्षापासून जिन्यात बल्ब लावून ठेवतो. स्वतःच्या दुकानातला."

"नमूला?"

"नमूनेच डॉक्टर शोधला. तुम्हाला मात्र मी शोधला असं सांगितलं."

अण्णांनी बशी खाली ठेवली. हात माझ्या बाजूला पुढे केला, तो बरोबर माझ्या डोक्यावर आला.

"आणि ह्याला?"

"ह्याला सगळ्यात शेवटी," आई म्हणाली.